रुमाल टाकलेली जागा

माझ्या वजनातले सुमारे २०० ग्रॅम माझे नाहीत. हे वाचल्यापासून वजनकाट्यावर उभं राहताना मी जरा संकोचतो. आपल्या आतड्यांत, तोंडात, नाकात, कातडीवर आणि बेंबीच्या खळग्यात जे जिवाणू राहतात, त्यांचं हे वजन. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या तिघा संशोधकांनी २०१६ साली हा हिशेब नव्याने मांडला. त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकं सांगत होती की शरीरात माणसाची पेशी एक असेल तर जिवाणू दहा. या तिघांनी शांतपणे बेरीज केली आणि इतकं काही नाही असं दाखवून दिलं. सत्तर किलोच्या माणसात त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी आणि जिवाणू ३८ लाख कोटी. म्हणजे बहुमत त्यांचंच, पण काठावरचं. पुढे अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्यांनी अशीही नोंद केली आहे की फरक एवढा थोडा असल्यामुळे माणूस एकदा शौचाला जाऊन आला की बहुमत आपल्या बाजूला झुकू शकतं. जिवाणूंचा बहुतेक गोतावळा मोठ्या आतड्यात असतो, म्हणून हे असं. पहाटे सत्ता बदलण्याचं महाराष्ट्राला आता नवल राहिलेलं नाही. पण प्रत्येकाच्या घरी, कुठल्याही राज्यपालांची झोपमोड न करता, हे रोज घडत असावं आणि पुढच्या जेवणांपर्यंत ते सरकार पुन्हा पडत असावं, ही मला मोठी दिलाशाची गोष्ट वाटते.

शाळेत आम्ही शिकलो ते जंतू वेगळे होते. वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात ते हिरवे होते, त्यांना सुळे होते आणि काहींच्या हातात भाले होते. एवढ्याशा जीवाला भाला कोण घडवून देत असेल, या विचारात माझे आरोग्याचे बरेच तास गेले. बाई सांगायच्या, जंतू बाहेर असतात. नालीत, उकिरड्यावर, माशीच्या पायाला. आपण आत असतो. मध्ये साबण असतो. ही शिकवण खोटी नव्हती. हात धुण्याने जगात जेवढी माणसं वाचली तेवढी फार थोड्या गोष्टींनी वाचली असतील. फक्त तिच्यात एक गंमत राहून गेली होती. जंतू कुठे असतात, असं बाईंनी विचारल्यावर जो मुलगा सगळ्यांत आधी हात वर करायचा, त्याच्या काखेत, नाकात आणि दातांच्या फटींत उत्तर बसलेलं होतं.

ते उत्तर पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडातल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. आंतोनी व्हान लेवेनहुक त्याचं नाव. कापडाचे धागे मोजायला भिंग लागतं, आणि भिंगाचा नाद लागला की माणूस कापडावर थांबत नाही. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, तरी दातांच्या मुळाशी पिठूळ पांढरं काहीतरी साचतं हे त्याच्या नजरेला आलं. ते त्याने पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं. सप्टेंबर १६८३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की तिथे चिमुकले प्राणी आहेत आणि ते अतिशय सुरेख हालचाल करतात. तेव्हा इकडे संभाजी महाराज गादीवर होते आणि आपल्याकडे कुणाला दातांच्या मुळाशी पाहायला सवड नव्हती. लेवेनहुकने मग आयुष्यात कधीही दात न घासलेला एक म्हातारा गाठला आणि त्याच्या तोंडातली जत्रा पाहून तो हरखून गेला. त्या पत्रात भीतीचा लवलेश नाही. चांदण्या रात्री गच्चीवर पडलेल्या माणसाला आकाश दिसावं, तसं त्याला म्हाताऱ्याचं तोंड दिसलं. घाबरायचं कसं, ते आपण नंतर, दोनशे वर्षांनी शिकलो. कॉलरा, क्षय आणि प्लेगचे जंतू एकेक करून ओळखले गेले, आणि सूक्ष्म जीव म्हणजे आरोपी, हे मनात कायमचं बसलं.

आता हे आरोपी रोज आपल्या तोंडात जातात, आणि तरीही रोज आपण आजारी पडत नाही, ते का? याचं जे उत्तर शास्त्रज्ञ देतात ते मला चिखलीच्या एस.टी. स्टँडवर जास्त चांगलं कळतं. आमच्या गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची बोलणी इंग्रजांच्या राजवटीपासून चालू आहेत आणि ती आमच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे वारशाने येतात. त्यामुळे प्रवासाचं आमचं सगळं शिक्षण स्टँडवर झालं. रेणुकादेवीच्या यात्रेच्या दिवसांत मेहकरची गाडी फलाटाला लागायच्या आतच तिच्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एखादं लहान मूलही आत गेलेलं असतं. दारातून धक्काबुक्की करत जो आत पोहोचतो त्याला रिकामं बाक दिसतं, पण बाकावर रुमाल दिसतो. तो बसू लागला की खिडकीबाहेरून आवाज येतो, ‘जागा धरेल हाय भाऊ.’ संपलं. कायदा, पोलीस, कंडक्टर, कोणीही लागत नाही.

आतड्याच्या भिंतीवर नेमकं हेच चाललेलं असतं. चांगल्या जागा आधीच धरलेल्या. आलेलं अन्न आधीच्यांनी वाटून घेतलेलं. भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो तिथली मंडळी आंबवतात आणि त्यातून जी आम्लं निघतात त्यांनी नवख्याचा जीव कासावीस होतो. काही जण तर खास आपल्याच भाऊबंदांना मारणारी विषं तयार करतात, कारण एकाच ताटावर डोळा असलेला भाऊबंद हा परक्यापेक्षा वाईट, हे जिवाणूंनाही ठाऊक आहे. दूषित पाण्यातून आलेला एखादा साल्मोनेला दारातून आत येतो, इकडेतिकडे पाहतो, बसायला मिळत नाही, आणि उभ्याउभ्या प्रवास करून शेवटच्या थांब्यावर उतरून जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही. यात एक गोष्ट मला फार आवडते. जागा धरणाऱ्याला ड्रायव्हरचं काही पडलेलं नसतं. गाडी सुखरूप पोहोचावी म्हणून कोणी रुमाल टाकत नाही. आपलं आरोग्य ज्यांच्यामुळे टिकतं त्यांना आपल्याविषयी प्रेम नाही, आपलं नाव माहीत नाही. त्यांचा फक्त जागेवर हट्ट आहे. जगातली बरीच चांगली कामं अशीच, दुसऱ्याच्या हट्टातून, नकळत उरकली जातात.

अर्थात बसलेले सगळे साधूसंत असतात असं नाही. दर तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू सुखाने राहतो. नाकात तो कुणाला काही म्हणत नाही. पण कातडीला चीर पडली आणि तो आत उतरला, की गळू, आणि रक्तात शिरला तर जिवाशी गाठ. ई. कोलायचं घर आतड्यात. तिथे तो वर्षानुवर्षं पापभीरू माणसासारखा नांदतो, आणि दोन बोटांचं अंतर ओलांडून मूत्रमार्गात गेला की बायकांना रात्र रात्र झोपू देत नाही. दातांवर राहणारे काही स्ट्रेप्टोकोकस दात काढताना रक्तात उतरतात, आणि हृदयाची झडप आधीच खराब असेल तर तिच्यावर ठाण मांडतात. म्हणून तर अशा माणसाचा दात काढायच्या आधी डॉक्टर जिवाणूनाशकाचा डोस देतात. तोच जीव, तोच स्वभाव. चुकली ती जागा. जंतू म्हणजे रोग हे समीकरण शाळेत सोपं वाटायचं. त्यातून ‘कुठे’ हा शब्द गळला होता.

आणि काही जण तर कुठेही गेले तरी कुणाचं वाकडं करत नाहीत. ते समजून घ्यायला आमच्या जिल्ह्यातच सोय आहे. मेहकरवरून पुढे गेलं की लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळा देश हाताला सॅनिटायझर चोळत घरात बसलेला असताना, हे सरोवर एकाएकी गुलाबी झालं. जगातलं सगळं चुकत चाललं असताना एखाद्या वयस्क बाईने गालाला लाली लावावी, तसं ते दृश्य होतं. तर्कवितर्क झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हे हॅलोआर्किया, म्हणजे मीठ मानवणारे सूक्ष्म जीव. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांची संख्या फोफावली आणि त्यांच्या अंगचा रंग पाण्याला चढला. आर्किया हे दिसायला जिवाणूंसारखे, पण कुळाने साफ वेगळे. त्यांचे काही नातलग आपल्या पोटातही असतात. मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथिआय हा त्यांतला मुख्य. इतरांनी सोडलेला हायड्रोजन खाऊन तो मिथेन बनवतो, ज्याचा परिणाम कधीकधी भरल्या पंगतीत जाणवतो. पण लाज आणण्यापलीकडे त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. माणसाला रोग देणारा एकही आर्किया आजवर ठामपणे सापडलेला नाही. एवढं मोठं कूळ, आणि एकही पोलीस केस नाही.

चिखलीची जमीन काळी. मृगाचा पहिला पाऊस तिच्यावर पडला की जो वास सुटतो त्याच्यावर मराठी माणसाने इतकं लिहून ठेवलं आहे की मी भर घालणार नाही. फक्त एवढंच सांगतो, की त्या वासाचं मोठं श्रेय स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूंना जातं. ते जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि पावसाचे थेंब ते हवेत उडवतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट; कणभर असलं तरी कळतं. आता पाहा, याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन निघालं, क्षयावरचं पहिलं खरं औषध. प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपून ते शोधलं आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने. १९५२ चं नोबेल मिळालं ते त्याचे गुरू सेल्मन वाक्समन यांना एकट्यांना. रुमाल एकाचा आणि बसला दुसरा, असं आमच्या स्टँडवरही क्वचित होतं, पण तिथे लगेच भांडता येतं. शाट्झला कोर्टात जावं लागलं.

हे औषध हाताशी आल्यावर शिकागो विद्यापीठातल्या मार्जरी बोनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. तो १९५४ साली छापून आला. निरोगी उंदराला साल्मोनेलाने आजारी पाडायचं तर लाखभर जंतू तोंडावाटे द्यावे लागत. पण आधी स्ट्रेप्टोमायसिन पाजलं, की दहाहूनही कमी जंतू पुरत. लाखाचं काम दहांत होऊ लागलं, कारण औषधाने गाडी रिकामी केली होती. पुढे १९७१ साली व्हान डर वाय या डच शास्त्रज्ञाने या राखणीला वसाहत-प्रतिकार अशा अर्थाचं नाव दिलं. नाव भारदस्त आहे. उंदरांना मात्र ती गोष्ट फार आधी, फार वाईट रीतीने कळलेली होती. पहिल्या पावसात जो जीव आपल्याला कविता सुचवतो, त्याच्याच कुळातल्या एकाचं औषध पोटातली सगळी वस्ती उठवू शकतं, हे कळल्यापासून मी मृगाचा वास घेताना जरा अदबीने घेतो.

या औषधांविषयी वाकडं बोलायची माझी प्राज्ञा नाही. आमच्या कुटुंबात टायफॉइडमधून उठलेली माणसं आहेत; ती औषधं नसती तर त्यांचे फोटो भिंतीवर हारासकट असते. पण सर्दीने नाक गळायला लागलं की औषधाच्या दुकानात जाऊन ‘ते मागच्या वेळचं दोन गोळ्या द्या’ म्हणणारी एक प्रेमळ परंपरा आपल्याकडे आहे. सर्दी विषाणूंची, आणि या गोळ्यांना विषाणू मोजतसुद्धा नाहीत. मग गोळी पोटात जाऊन काय करते? जे सापडतील त्यांना उठवते. पाकिटावरची लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नाही, अशी खूण. आणि २०१४ पासून यांतल्या बऱ्याच औषधांसाठी दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची असा नियम आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळांना ती रेघ गोळी तोडायला सोयीची म्हणून आखली आहे असं वाटतं.

वस्ती उठली की काय होतं त्याचं सगळ्यांत खट्याळ उदाहरण म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल. हा जिवाणू १९३५ साली पहिल्यांदा सापडला तो चक्क निरोगी तान्ह्या बाळांच्या शीत. प्रयोगशाळेत वाढवायला अवघड, म्हणून त्याचं नावच अवघड ठेवलं. पुढची चाळीसेक वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९७८ मध्ये कळलं की रुग्णालयात जिवाणूनाशकं घेतलेल्या माणसांना जी भयंकर हगवण लागते, तिच्यामागे हाच. इतर मंडळी असेपर्यंत कोपऱ्यात बीजरूपाने पडून राहायचं, ती गेली की हातपाय पसरायचे. त्याला मारायला पुन्हा औषध द्यावं, तर गाडी आणखी रिकामी होते. यावर अखेर जो उपाय सापडला तो सांगताना भल्याभल्या प्राध्यापकांचा आवाज खाली येतो. निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, रुग्णाच्या आतड्यात सोडायची. डेन्व्हरच्या बेन आइझमन या शल्यचिकित्सकाने १९५८ मध्ये चार रुग्णांवर हे करून पाहिलं होतं, पण सभ्य समाजाने ते कानाआड केलं. २०१३ मध्ये हॉलंडात रीतसर चाचणी झाली. १६ जणांपैकी १३ पहिल्याच खेपेत बरे झाले, आणि फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. बाकीच्यांना यापासून वंचित ठेवणं बरं दिसेना. शेणाने अंगण सारवून त्यावर रांगोळी काढणाऱ्या आपण तरी या बातमीवर नाक मुरडू नये.

रोगावर जिवाणूच द्यावेत, ही कल्पना एका मोठ्या माणसाच्या डोक्यात फार आधी आली होती. इल्या मेचनिकॉफ. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याने शोधल्या आणि १९०८ चं नोबेल विभागून मिळवलं. त्याच्या मते मोठं आतडं म्हणजे सडक्या जिवाणूंचं आगर, आणि म्हातारपण हे त्यांचं कारस्थान. उपाय काय, तर दुधाचं आंबट दही. बल्गेरियातले शेतकरी ते खाऊन दीर्घायुषी होतात असं त्याने ऐकलं, आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसून तो आंबट दूध पीत राहिला. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, तो वारला, म्हणजे आमच्या आळीतल्या ताक पिणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा बराच आधी. या मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी आपल्याला जवळचा. वाल्देमार हाफकिन. मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. गुरू दह्याची वाटी घेऊन जिवाणूंशी सोयरीक जुळवतो आहे आणि चेला मारलेल्या जंतूंची सुई स्वतःच्या अंगात खुपसतो आहे. दोघांची गाठ कधी निवांत पडली असती तर जेवणात काय मागवलं असतं, याचं मला कुतूहल आहे. मेचनिकॉफचं दही मात्र पूर्ण खरं ठरलं नाही. दह्यातले जिवाणू आतड्यात सहसा मुक्काम करत नाहीत. बसतात, गप्पा मारतात आणि उतरून जातात. त्यापेक्षा आधीपासून बसलेल्यांना जेवू घालणं जास्त लागू पडतं, आणि त्यांचं जेवण म्हणजे कोंडा, डाळ, भाजीचे देठ, ज्वारीची भाकरी. आमच्याकडे शिवारातून ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. भाव चांगला म्हणून आलं. पोटातल्या मंडळींना कोणी विचारलं नाही.

ही मंडळी मुळात येतात कुठून? थेओडोर एशेरिश या म्युनिकच्या बालवैद्याने १८८५ च्या सुमारास नवजात बाळांची पहिली शी निगुतीने तपासली. पहिल्या शीत काही नाही. मग काही तासांतच पाहुणे हजर. ई. कोलायच्या नावातला ‘ई’ तो या एशेरिशचा. बाळाच्या लंगोटावरून नाव अजरामर झालेला दुसरा कोणी माझ्या ऐकण्यात नाही. हे पाहुणे बहुतेक आईकडून येतात, आणि आईचं दूध त्यांची सोय पाहतं. त्या दुधात काही शर्करा अशा आहेत की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या बाळासाठी नाहीतच मुळी. त्या बायफिडोबॅक्टेरियमसाठी आहेत. तान्ह्याला पाजता पाजता आई कुणा न पाहिलेल्या पाहुण्यांसाठीही पान वाढत असते, आणि तिला हे कोणी सांगितलेलं नसतं. या पाहुणचाराचं मोल किती, ते ओडिशातल्या खेड्यांत दिसलं. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याच्यापुरता खाऊ दिला. रक्तात जंतू पसरून होणारं दुखणं आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जागा आधी चांगल्यांनी धरली, एवढीच ती गोष्ट.

पुण्यातल्या संशोधकांनी २०१२ साली याहून छोटा, पण मला फार लोभस वाटणारा अभ्यास केला. एका छपराखाली तीन पिढ्या नांदणारी दोन एकत्र कुटुंबं त्यांनी घेतली आणि नातवापासून आजोबांपर्यंत पोटातली वस्ती वयाबरोबर कशी बदलते ते पाहिलं. एकत्र कुटुंबाचे फायदे-तोटे यांवर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले, पण तपासायला नमुने कोणी मागितले नव्हते. माझी आजी असती तर तिने दिले नसते. ती उष्ट्याच्या बाबतीत कडक होती. एकाच्या पेल्याला दुसऱ्याने तोंड लावलं की ‘पोट्ट्या, उष्टं हाय ते’ म्हणून हातातून काढून घ्यायची. पण घरात तान्हं मूल असलं की हाच कायदा तिच्याकडूनच मोडला जायचा. पेज गरम आहे का ते ती आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहायची, फुंकर घालायची आणि तोच चमचा बाळाच्या तोंडात. कोणी हसलं तर म्हणायची, ‘लेकराले कायचं उष्टं!’ इटलीतल्या निकोला सेगाता यांच्या गटाने २०२३ मध्ये वीस देशांतले हजारो नमुने जुळवून पाहिले, तेव्हा पहिल्या वर्षात बाळाच्या पोटातले सुमारे निम्मे वाण आईच्या वाणांशी जुळले. एका घरात राहणाऱ्यांच्या तोंडातल्या वाणांपैकी तर जवळपास एक तृतीयांश सामाईक निघाले. मूल मोठं होतं, परगावी जातं, स्वतःचं घर करतं; आईकडून आलेले काही वाण तरीही म्हातारपणापर्यंत सोबत राहतात. आईला तिच्या आईकडून मिळालेले, तिला तिच्या आईकडून. मृत्युपत्रात ज्यांचा उल्लेख नसतो, वाटण्यांत ज्यांच्यावरून भांडण होत नाही, असा हा एकच वारसा असावा.

आजीचं आणखी एक चालू आहे, ते म्हणजे विरजण. तिच्या हयातीत ते घरात रोज लागलं आणि अजून लागतं. मध्ये एकदा भर उन्हाळ्यात सगळी लग्नाला गेलो आणि घरचं दही नासलं. तेव्हा शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणलं. काकू म्हणाल्या, ‘न्या न बापा, हे तुमच्याच आजीनं देल्लं होतं मले.’ गल्लीतल्या किती घरांत ते आहे याचा हिशेब नाही. लेकीबाळींबरोबर ते बुलढाण्याला गेलं, जालन्याला गेलं, एक डबा पुण्यालाही गेला. चिखलीकडे येणं झालं तर तुम्हीही घेऊन जा. फक्त दिवेलागणीच्या आत या. त्यानंतर आमच्याकडे विरजण देत नाहीत.